अडीच टप्पे

"तिकडं पानी घ्यायचं न्हाई, आधीच सांगून ठिवते," शालन म्हणाली आणि तिनं दुसऱ्या बाटलीचं झाकण करकचून आवळलं.

पहाटेचे पाच वाजले असतील. मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो. बाहेर इतकं दाट धुकं होतं की समोरच्या खांबावरचा दिवा म्हणजे नुसता पिवळा डाग दिसत होता.

"मागतंय कोण?" मी म्हणालो.

"मागायचं तर न्हाईच. दिलं तरी घ्यायचं न्हाई."

"बरं."

"बरं न्हवं. तोंडानं म्हना."

"न्हाई घेत बाई. दोन बाटल्या हायत. उंटाला पुरंल एवढं पानी हाय."

ती हसली नाही. एरवी माझ्या पळण्यावरून ती दिवसभर माझी टर उडवायची. त्या दिवशी मात्र तिनं मुकाट्यानं दोन्ही बाटल्या माझ्या कमरेच्या पट्ट्यात खोचल्या, देवापुढचा अंगारा कपाळाला लावला आणि दार उघडलं.

तिकडं म्हणजे आमच्या लेकीच्या घरी. उज्ज्वला आमची एकुलती एक. विट्यापासून पंधरा किलोमीटरवर भैरेवाडी आहे, तिथं तिला दिली होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. पुष्कळांनी ती केव्हाच गुंडाळून ठेवली. आम्हीही ठेवली असती. पण उज्ज्वलाला दिवस जाईनात, तसा शालननं त्या रितीला रेवणसिद्धाचा नवस जोडला. नातवंडाचं तोंड बघेन, तेव्हाच लेकीच्या घरचं पाणी तोंडाला लावेन. त्याला दहा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत आम्ही तिच्याकडं गेलो ते घरून बाटली भरून घेऊन, आणि परत आलो ते उपाशी. उज्ज्वला हसून दारापर्यंत पोचवायला यायची. चहा टाकू का, हे विचारायचंही तिनं नंतर सोडून दिलं.

नवस शालनचा, पण एका घरात राहून अर्धा नवस कसा पाळायचा? मीही पाळत होतो. तिचं म्हणणं सरळ होतं. "आपन पानी घेतलं, म्हंजी ह्यांनी आशा सोडली आसं देव समजतो."

आता एवढ्या पहाटे मी पळत पळत लेकीच्या गावाला का निघालो होतो, तेही सांगायला हवं.

मी एसटीत कंडक्टर होतो. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, चाला. चाललो. चालता चालता एका सकाळी कुत्रं मागं लागलं म्हणून पळालो, आणि कुत्रं थांबलं तरी मी थांबलो नाही. काय झालं कुणास ठाऊक, पण बरं वाटलं. सगळा जन्म लोकांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणण्यात गेला होता. स्वतः पुढं सरकण्यात काय मजा असते, ते तेव्हा कळलं.

गावात पळणाऱ्यांचा एक ग्रूप होता. दाताचे डॉक्टर पाटणकर त्याचे पुढारी. सगळे रंगीबेरंगी बुटांतले, माझ्यापेक्षा वीस-वीस वर्षांनी लहान. माझं नाव हणमंत तोडकर म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, "हणमंत नावाचा माणूस तर आपल्यात पाहिजेच." वर्षभरात त्यांनी मला कोल्हापूरच्या मॅरेथॉनला उभं करायचं ठरवलं. अर्धी नाही, पुरी.

"पण तोडकर, त्यासाठी तुम्हाला मायलेज वाढवावं लागेल."

मायलेज हा शब्द मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गाडी लिटरला किती जाते, ते मायलेज. डेपोत त्यावरून ड्रायव्हर लोकांना रोज बोलणी बसायची. म्हणजे कमी तेलात जास्त पळायचं, एवढंच ना? मी सकाळचा चहा बंद केला, पाणी निम्म्यावर आणलं, आणि एका रविवारी डोळ्यांपुढं काजवे चमकत असताना डॉक्टरांना अभिमानानं सांगितलं, "साहेब, अर्ध्या लिटरला बारा पडलं."

त्यांना आधी कळेना. कळल्यावर ते हसून हसून रस्त्याच्या कडेला बसलेच. "अहो तोडकर, मायलेज म्हणजे आठवड्याला एकूण पळायचं अंतर! ते हळूहळू वाढवायचं. आणि पाणी भरपूर प्यायचं. मरायचंय का तुम्हाला?"

पुढं महिनाभर ग्रूपमधली पोरं मला "मामा, आज काय अ‍ॅव्हरेज?" म्हणून छळत होती. शालनच्या कानावर ते गेलं, आणि ती तर ताटात भाकरी टाकताना "टाकी फुल करू का?" म्हणायला लागली.

तर मायलेज वाढवायचं. मला किलोमीटरमध्ये विचार करता यायचा नाही, म्हणून मी टप्प्यात केला. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. तिकीट त्यावरच ठरतं. आठवडाभर थोडं थोडं पळायचं आणि रविवारी लांब. जेवढं पळायचं, त्याचं निम्मं जायला आणि निम्मं यायला. रस्ता निवडायची वेळ आली तेव्हा पाय आपोआप भैरेवाडीच्या रस्त्याला लागले. माझी निम्मी नोकरी त्याच रस्त्यावर झाली होती. उज्ज्वलाचं घर गावाच्या अलीकडं, रस्त्याला लागून द्राक्षाच्या मळ्यात. विट्यातून बरोबर अडीच टप्पे. मी हे मुद्दाम केलं असं कुणी म्हणेल. मुद्दाम केलं नव्हतं, पण दुसरा रस्ता मनातसुद्धा आला नाही, हेही खरं.

दर रविवारी दुपारी उज्ज्वलाचा फोन यायचा.

"आप्पा, आज कुटवर?"

"पिंपळफाट्यापतूर. एक टप्पा."

मग काही रविवारांनी, "आज?"

"तळ्याच्या वरच्या अंगाला. दीड झाला."

"म्हंजे आता एकच ऱ्हायला," ती म्हणाली. कंडक्टरचीच पोरगी, हिशेब चुकायचा नाही.

दोन टप्पे झाले त्या दिवशी मी तिला सांगितलं की खिंडीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. तिनं फोनवरच हिशेब केला, अर्धा टप्पा राहिला. मग म्हणाली, "आमच्या गच्चीवरनं खिंड दिसती, आप्पा. पुढच्या बारीला बघत ऱ्हाईन मी."

घरी या, असं ती म्हणाली नाही. तिनं तसं म्हणणं आणि मी घरून पाणी घेऊन तिच्या दारात जाणं, दोन्ही तिला आता नको झालं असावं. मी मात्र प्रत्येक वेळी अलीकडंच मागं वळायचो, आणि वळताना दर खेपेला मला वाटायचं की आपण तिच्याकडं पाठ करतोय.

त्या रविवारी तीस किलोमीटर करायचे होते. शर्यतीआधीचं सगळ्यात लांबचं पळणं तेच. त्यानंतर कमी करत यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तीसचं निम्मं पंधरा. म्हणजे मागं वळायची जागा लेकीचं अंगण. शालनलाही तेवढा हिशेब कळत होता, म्हणून तर तिनं माझ्याकडून तोंडानं वदवून घेतलं.

गावाबाहेर पडलो आणि धुक्यानं मला पोटात घेतलं. मागचं गाव नाहीसं झालं, पुढचा रस्ता चार पावलांपुरता दिसायचा, आणि ती चार पावलं टाकली की आणखी चार उगवायची. बुटांचा आवाज तेवढा होता. थोड्या वेळानं तोही माझा वाटेना. कुणीतरी दुसराच शेजारून पळतोय आणि आपण त्याच्याबरोबर नुसते जातोय, असं वाटायला लागलं. लांब पळताना असं होतं. अंग जागं असतं आणि माणूस आत कुठंतरी पेंगत असतो.

या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा मला पाठ होता, पण तो पायांना. गाडीत मी कायम पाठमोरा. तोंड प्रवाशांकडं, पाठ रस्त्याकडं. उभ्या जन्मात मी तो रस्ता समोरून येताना कधी बघितलाच नव्हता. पिंपळफाटा धुक्यातून हळूहळू बाहेर आला तेव्हा मी मनातल्या मनात घंटी मारली. फाट्यावर कोण कोण उभं असायचं! कोंबड्यांची पाटी घेऊन बाजाराला जाणारी बायजाबाई. कोंबड्यांचं तिकीट काढणार नाही म्हणून दर सोमवारी भांडायची आणि उतरताना मूठभर शेंगा हातावर ठेवायची. कॉलेजच्या मुली. लग्नाच्या याद्या घेऊन फिरणारे पांढऱ्या टोपीतले म्हातारे. त्यांतले निम्मे आता नाहीत. पण त्या सकाळी ते सगळे मला धुक्यात कडेला उभे दिसत होते, आणि मी न थांबता पुढं गेलो तरी कुणी शिव्या दिल्या नाहीत.

तळं आलं. पाणी दिसत नव्हतं, पण गारवा एका बाजूनं अंगाला लागला. पहिली बाटली तिथं संपवली. चढ सुरू झाला, आणि मग श्वास सोडून दुसरं काही उरलं नाही. खिंडीत मेंढरांचा एक कळप बसला होता. घंटा किणकिणायच्या, पण एकही मेंढरू दिसत नव्हतं. धनगरानं धुक्यातूनच विचारलं, "कोन हाय?"

"मी हाय. कंडक्टर."

"गाडी कुटं हाय मग?"

"आज गाडी न्हाई. मीच आलोय."

"आसं आसं," तो म्हणाला, जणू कंडक्टर लोक असे एकेकटेही येत असतात.

खिंडीच्या पलीकडं उतार होता. पाय आपसूक पडत होते. मला आठवलं, उज्ज्वलाचं लग्न झालं त्या वर्षी ही वळणं मी रोज दोनदा घ्यायचो. पहाटेच्या फेरीला ती कधी कधी रस्त्यावर येऊन थांबायची. गाडी थांबायची, ती खिडकीतून आईसाठी काहीबाही द्यायची. भाजी, पापडी, एकदा नुसतीच लिंबं. मी ते सगळं घरी न्यायचो, आणि शालन ते शेजारी वाटून टाकायची. पुढं उज्ज्वलाला ते कळलं असणार. तिनं रस्त्यावर यायचं थांबवलं.

द्राक्षबागा सुरू झाल्या तसा औषधाचा वास आला. धुक्यात कुठंतरी फवारणीच्या ब्लोअरचा घरघराट चालला होता. धुकं पडलं की घडांवर डावणी रोग येतो, म्हणून बागायतदाराला अशा सकाळी अंथरुणात पडून राहता येत नाही. घराच्या वळणावर ट्रॅक्टर थांबला आणि वरून एक माणूस खाली उतरला. नाकाला रुमाल, टोपीवरून दव गळतंय. जालिंदर, आमचा जावई.

"मामा! खरंच आलासा की वो!"

"आलो पाव्हणं."

"चालत?"

"पळत."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि तोंडभर हसला. "तुमी व्हा म्होरं. उजा सकाळधरनं गच्चीवरच हाय. दिसतंय काय तिला डोंबलाचं, एवढ्या धुक्यात? मी येवढ्या चार वळी मारून येतो, न्हाईतर बाग जाईल." तो परत ट्रॅक्टरवर चढला.

उज्ज्वला गच्चीवरून धावत खाली आली होती. अंगणात आम्ही एकमेकांसमोर उभे राहिलो. मला धाप लागली होती आणि तिला माझ्यापेक्षा जास्त.

"किती झालं, आप्पा?"

"अडीच टप्पे."

"म्हंजे तिकीट संपलं. उतरा आता." आणि तिनं खुर्ची पुढं ओढली.

मी बसलो. पायांतून आग निघत होती. तिनं पाणी विचारलं नाही. मी सवयीनं कमरेची बाटली काढली आणि दोन घोट घेतले, तेव्हा ती बागेकडं बघत उभी राहिली. तिच्या कानांपाशी दोन-चार केस पांढरे झालेले मला पहिल्यांदाच दिसले.

"आई बरी हाय?"

"बरी हाय. तुझी आठवण काढती."

"हूं." ती पायरीवर टेकली. ब्लोअरचा आवाज लांब गेला, परत जवळ आला. मग ती म्हणाली, "आप्पा, एक सांगायचं हुतं. फोनवर नको वाटलं. आमी दवाखाना बंद केला."

"कदी?"

"दसऱ्यालाच. ह्येच म्हनले, आता बास. सांगलीला जायचं, सुया टोचून घ्यायच्या, घरी येऊन दिवस मोजत बसायचं आनि मग रडायचं. किती वर्सं करायचं? आमचं दोघांचं ठरलंय. आता काय करायचं न्हाई. दत्तक न्हाई, काय न्हाई. आमी दोगं बास."

मी म्हणालो, "पोरी..."

"न्हाई आप्पा, मी बरी हाय. खरंच बरी हाय. दसऱ्यापासनं रातीला झोप लागती मला. फकस्त आईला इतक्यात सांगू नका." मग ती हसत हसत म्हणाली, "एकच कोडं सुटंना. आता तुमी माझ्या घरचं पानी कदी प्यायचं?"

शालन आणि मी ज्याला आशा म्हणत होतो, ती दहा वर्षं या पोरीच्या दारात धरणं धरून बसली होती. आम्ही तिच्या घरी येत होतो, बसत होतो, बोलत होतो, आणि दर वेळी न बोलता सांगत होतो की तुझं घर अजून घर झालेलं नाही. आणि आता ते कधीच होणार नव्हतं, आमच्या हिशेबानं.

दुसरी बाटली अजून अर्धी होती. मी ती खुर्चीच्या पायाशी मातीत ठेवली.

"उजे, तहान लागलीया. पानी आन."

ती जागची हलली नाही. "बाटलीत हाय की."

"आसू दे."

"आईला काय सांगशीला?"

"त्ये माझं मी बघतो. तू पानी आन."

ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. माठावरचं झाकण वाजलं, मग काहीच वाजेना. मी बसून राहिलो. आपण आता काय केलं, हे मला स्पष्ट कळत होतं, आणि भीतीही वाटत होती. देवाची थोडी, शालनची जास्त. पण उठून जावंसं वाटलं नाही.

ती आली तेव्हा एका हातात तांब्या-भांडं आणि दुसऱ्या हातात वाटीत गुळाचा खडा. उन्हातून आलेल्या पाहुण्याला देतात तसं. ऊन तर कुठंच नव्हतं. मी गूळ तोंडात टाकला, भांडं घेतलं आणि तोंडाला लावलं.

पहिल्याच घोटाला मी थबकलो. पाणी सवळ होतं. खारट, जिभेवर रेंगाळणारं.

"बोरचं हाय," ती माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली. "मळ्यात ऱ्हायला आल्यापासनं ह्येच. आधी आधी जड लागतं. मग कळत न्हाई."

मी भांडं रिकामं करून खाली ठेवलं. तेव्हा कुठं ती रडली. पायरीवर बसून, ओढणी तोंडात धरून, लहानपणी पडल्यावर रडायची तशी भरपूर रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मलाही आवरेना. ट्रॅक्टर बागेच्या टोकाला थांबला होता. जालिंदर आम्हाला बघत असावा, पण तो आला नाही. थोड्या वेळानं त्यानं ट्रॅक्टर वळवला आणि पुढच्या ओळीत घातला.

निघताना मातीतली बाटली परत कमरेला खोचली, पण वाटेत तिला तोंड लावलं नाही. परतीचं पळणं मला फारसं आठवत नाही. धुकं विरत गेलं, खिंडीत मेंढरं दिसायला लागली, तळ्यावर ऊन आलं. जाताना भेटलेले जुने प्रवासी येताना कुठंच नव्हते. तोंडातली ती चव तेवढी घरापर्यंत सोबत आली.

शालन चपात्या लाटत होती. मी दारातच भिंतीला धरून उभा राहिलो.

"कशी हाय?" तिनं मान वर न करता विचारलं.

"बरी हाय."

"जावई?"

"ब्येस हाय. फवारत हुता."

"बसा. पाय सोडा पान्यात."

"शालन, मी पानी प्यालो."

लाटणं थांबलं. "कुनाच्या हातचं?"

"उजाच्या."

"बाटल्या सपल्या हुत्या?"

इथं खोटं बोलता आलं असतं. मी अर्धी बाटली कमरेतून काढून तिच्यापुढं ठेवली.

तिनं बाटलीकडं बघितलं. तव्यावरची चपाती फुगली, बसली, करपायला लागली. मी वाट बघत होतो की आता ही आकांत करेल, देव्हाऱ्यापुढं जाऊन बसेल, माझ्याशी जन्मभर बोलणार नाही. दवाखान्याचं मी बोललो नाही, शब्द दिला होता. तिनंही विचारलं नाही. पण पाणी शिल्लक असताना मी प्यालो, यातून तिला जे कळायचं ते कळलं असावं. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

बऱ्याच वेळानं तिनं गॅस बंद केला आणि विचारलं, "कसलं हाय पानी तिथलं?"

"म्हंजी?"

"गोडं हाय का सवळ?"

"सवळ हाय. बोरचं."

"मग डाळ कशी शिजती तिची?"

"डाळ?" मी म्हणालो.

"सवळ पान्यात डाळ शिजत न्हाई," ती म्हणाली. "किती बी शिट्ट्या करा, दाना तसाच ऱ्हातो. एवढी वर्सं पोरगी काय खाती? कदी बोलली न्हाई. मी बी कदी इचारलं न्हाई, पानी कसलं हाय म्हनून. कशी इचारनार? मला प्यायचंच नव्हतं न्हवं." आणि पिठाचे हात तसेच डोळ्यांना लावून ती हुंदके द्यायला लागली. दहा वर्षं ती नवसाच्या नावानं कधी रडली नव्हती. डाळीसाठी मात्र तासभर रडली.

या गोष्टीला आता तेरा-चौदा वर्षं झाली. पुढं जानेवारीत मॅरेथॉन मी पुरी केली. त्याचं पदक घरात कुठंतरी आहे. गुडघ्यांनी नंतर पळणं बंद करायला लावलं. कुणी विचारतं, सगळ्यात अवघड पळणं कुठलं झालं? मी कोल्हापूर म्हणून सांगतो, कारण त्या रविवारची आणि दुसऱ्या दिवशीची हकिकत सांगत बसायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी मला रजा टाकायला लावून शालननं पहाटेची भैरेवाडी गाडी धरली. घरच्या नळाच्या पाण्यानं भरलेला पाच लिटरचा कॅन तिच्या हातात होता. माझे पाय इतके आखडले होते की गाडीची पायरी मला चढता येईना. आमचाच कंडक्टर सुभान्या दारातून ओरडला, "काय हनमंतराव, पळत जायाचं सोडून गाडीत?" गाडीभर लोक हसले. शालन खिडकीशी बसली आणि तिनं कॅन मांडीवर घेतला. पंधरा किलोमीटर तिनं तो खाली ठेवला नाही.

उज्ज्वला दारात आली, आईला बघून चपापली. शालन तिला ओलांडून सरळ आत गेली. त्या घराच्या स्वयंपाकघरात तिनं तोवर पाऊल टाकलं नव्हतं.

"डाळ कुटं ठिवलीस?"

"आई, बस तरी आधी. काय झालं?"

"डाळ कुटं हाय म्हनते मी."

उज्ज्वलानं डबा दाखवला. शालननं कॅनचं झाकण उघडलं, डाळ धुतली, शिजत घातली. उरलेल्या पाण्यात भात टाकला. बोरच्या पाण्याला तिनं हात लावला नाही. नवस तेवढा पाण्याचा; तो मोडायचा नाही आणि लेकीच्या घरी जेवायचं, यासाठी तिनं रात्रभर जागून ही वाट काढली असणार. मी आणि जालिंदर बाहेर बसून सगळं ऐकत होतो.

"सोडा टाकला की शिजती गं डाळ," आतून उज्ज्वला म्हणाली.

"दहा वर्सं सोडा खातीस?"

"चिमूटभर टाकते."

"चिमूटभर म्हनं."

मग बराच वेळ नुसता कुकर बोलत होता.

आम्ही चौघं एकत्र जेवायला बसलो. लग्नापासून पहिल्यांदा. डाळ लोण्यासारखी शिजली होती. जालिंदरनं दोनदा मागून घेतली. शालन खाली मान घालून जेवत होती, खूप दिवसांची उपाशी असल्यासारखी. ताट साफ झालं तसा तिनं सवयीनं शेजारचा कॅन उचलला. तो हलका लागला. सगळं पाणी डाळीत आणि भातात गेलं होतं. तिनं कॅन तिरपा करून बघितला, परत ठेवला.

उज्ज्वलाचा तांब्या ताटांच्या मधोमध होता. उज्ज्वला त्याच्याकडं बघत नव्हती. ती आपल्या रिकाम्या ताटात बोटानं रेघा ओढत होती. जालिंदर उठायला लागला, म्हणाला, "मामी, गावातनं गोडं पानी आनतो, गाडीवर जातो नि येतो."

"बसा खाली," शालन म्हणाली.

तिनं तांब्या उचलला. भांड्यात पाणी ओतलं, भांडं दोन्ही हातांनी धरलं. डोळे मिटून ती काहीतरी पुटपुटली. देवाला काय सांगितलं, ते तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही. मग सगळं भांडं एका दमात प्याली आणि तोंड पुसलं.

"सवळच हाय की गं," ती म्हणाली.

उज्ज्वला तिच्याकडं बघत राहिली होती. शालननं रिकामं भांडं तिच्यापुढं धरलं.

"बघतीस काय नुस्ती? वत की अजून."